सूचना : रविवारच्या चर्चेबद्दल

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, घरं नव्याने उभी करून लिलावात विकण्याच्या 'द ब्लॉक' या स्पर्धेच्या मालिकेवरची आपली चर्चा येत्या रविवारी रात्री ८ वाजता वाचनालयाच्या छपरीत होईल. कापसाची वेचणी चालू असल्यामुळे दुपारची वेळ बदलली आहे. लाइन गेली तरी चर्चा होईलच, बॅटरी सोबत ठेवावी.

लिलावाचा शेवटचा भाग अजून बऱ्याच जणांचा पाहायचा राहिला आहे. कोण जिंकलं ते कृपया ग्रुपवर टाकू नये.

नव्या सभासदांसाठी : ही स्पर्धा ऑस्ट्रेलियात २००३ साली सुरू झाली. जोड्या एकेक खोली नव्याने उभी करतात, परीक्षक गुण देतात, पण खरा निकाल लिलावात लागतो. राखीव किमतीच्या (म्हणजे लिलावात आधी ठरवलेल्या किमान किमतीच्या) वर जी रक्कम मिळेल ती त्या जोडीची. त्यामुळे परीक्षकांच्या गुणांवरून भांडण्यात हशील नाही (तरी आपण भांडणार, हे उघड आहे).

या वेळी मुख्य विषय खिडक्यांचा. तिकडे सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, म्हणून मोठ्या काचा उत्तरेला हव्या असतात. ते पाहून आपल्याकडे कोणी पश्चिमेच्या भिंतीला काच बसवली, तर मे महिन्यात घराची भट्टी होईल. कवेलू काढून स्लॅब टाकलेल्यांनी आपला उन्हाळ्याचा अनुभव जरूर सांगावा. रात्री किती वाजेपर्यंत स्लॅब तापलेला राहतो, कूलरशिवाय झोप लागते का, सगळं.

घरकुलाच्या हप्त्याचा विषय इथे काढू नये, त्यासाठी ग्रामसभा आहे.

– चिटणीस