पाषाणच्या ताईंना, त्या दोन ट्यूबांसाठी

ताई,

मेसेजवर 'थँक्यू' टाकलं होतं, पण त्याने माझंच समाधान झालं नाही. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

ईआयएफ-४ई हे प्रोटीन एमआरएनएच्या, म्हणजे प्रोटीनची कृती घेऊन येणाऱ्या रेणूच्या, टोकाची कॅप धरतं आणि तिथून रायबोसोम, पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, कामाला लागतो. बऱ्याच कॅन्सरमध्ये ते वाढलेलं असतं, म्हणून तर आम्ही त्याच्या मागे. ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या पडद्यावर, ते २५ किलोडाल्टन वजनाला पट्टा (बँड) म्हणून दिसायला हवं. आम्ही मागवलेल्या अँटिबॉडीने २५ ला बँड यायचा खरा, पण ५० लाही यायचा, ७० लाही. डीलरचं एकच पालुपद: "मॅडम, तुमचं ब्लॉकिंग चुकतंय." ब्लॉकिंग बदललं, तर "ट्रान्सफर चुकतंय." पुढे फोन उचलणंच बंद. पैसे घेताना बरा पहिल्या रिंगला उचलायचा!

आपली ओळख सेमिनारच्या चहापुरती. तरी तुम्ही स्वतःच्या अँटिबॉडीतली थोडी काढून दिलीत. त्याचे आभार आहेतच. पण बर्फात तिच्या शेजारी, मी न मागता, आणखी दोन ट्यूबा होत्या. झाकणांवर काळ्या मार्करने लिहिलेलं, एकीवर 'आहे', दुसरीवर 'नाही'. एकीत साध्या पेशींचा लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला रस, दुसरीत एसआयआरएनए देऊन हे प्रोटीन कमी केलेल्या, म्हणजे नॉकडाउन केलेल्या, पेशींचा. "आधी हे लाव. 'नाही'त बँड फिका पडला तरच विश्वास ठेव, माझ्या अँटिबॉडीवरसुद्धा." आणि जाता जाता, "आयपी करशील तेव्हा लाइट चेनला फसू नकोस, तीही २५ च्या आसपासच येते." (आयपी म्हणजे अँटिबॉडीनेच प्रोटीन ओढून काढणं; तेव्हा अँटिबॉडीचाच छोटा भाग, लाइट चेन, ब्लॉटवर दिसतो.)

तुमच्या अँटिबॉडीने 'नाही'चा बँड जवळजवळ गेला. ॲक्टिन हे तुलनेसाठीचं प्रोटीन दोन्हीकडे सारखं, म्हणजे माल दोन्हीत सारखाच भरलेला. आमच्या अँटिबॉडीने मात्र २५ चा बँड दोन्हीकडे तस्साच, म्हणजे ती भलतंच काही धरत होती, चूक माझी नव्हती! डार्करूममध्येच रडू फुटलं, हायसं वाटून.

पेशी वाढवायच्या, नॉकडाउन करायचं, प्रोटीन मोजायचं, आणि ते परक्या लॅबच्या पोरीला देऊन टाकायचं. पुण्यातल्या एनसीएल, आयसर या संशोधन संस्था, विद्यापीठ, सगळं एका रिक्षाच्या टप्प्यात. पण वस्तू मागितली की आधी "सरांना विचारते" ऐकायची सवय झालेली. तुम्ही विचारलंत ते एवढंच, "बर्फ आणलायस ना?"

परवा डीलरचा आपणहून फोन आला. नवीन लॉट आलाय, घेणार का? म्हटलं, आधी नॉकडाउनचा ब्लॉट पाठवा. अजून वाट बघतेय.

तुमची,
विद्यापीठातली ती बर्फवाली