काकीची चिठी

प्रिय शुभा,

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल भेटलीस की काय ते बोलून घे. इकडे सगळे बरे, आईचे गुडघे आहेत तसेच. पण आज लिहायलाच हवं, कारण गोष्ट तुझ्या मोठ्या काकीची आहे आणि इथे ती सांगून कुणाला कळायची नाही.

कोकमाची आमसुलं आणि रस म्हणजे आगळ करणाऱ्या बायकांना हिशेब आणि भाव ठरवणं शिकवायचं, हे तुला माहीतच आहे. शिकवण्याने नफा वाढतो का ते दोन गट ताडून बघायचंय, म्हणून कुणाला यंदा, कुणाला पुढल्या हंगामात, ते देवळात सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवलं. धाकट्या काकीची यंदाच्यात निघाली, मोठीची पुढल्यात. माझ्याकडे बघून म्हणाली, "माजी कित्याक नाय इली गो?" जिच्या चुलीपुढे आपण जेवून वाढलो, तिला काय सांगू?

चिठ्ठ्यांचं ऐकून, माणसं काय उंदीर आहेत, म्हणून तू जेटीवर भांडली होतीस. शुभा, मी अजून माझ्याच म्हणण्यावर आहे. आपणहून येतील त्यांनाच शिकवलं असतं तर मुंबईला पार्सलं धाडणाऱ्याच आल्या असत्या. मग नफा शिकवण्याने वाढला की त्यांच्या मूळच्या धडाडीने, कसं कळणार? आफ्रिकेतल्या टोगोत १५०० छोट्या धंदेवाल्यांचे असेच चिठ्ठीने तीन गट केले. २०१७ साली निकाल छापून आला: नेहमीचं धंद्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा न शिकवलेल्यांपेक्षा ११ टक्के जास्त, तोही योगायोग असेल इतपतच, आणि पुढाकार कसा घ्यायचा हे शिकवलेल्यांचा ३० टक्के. चिठ्ठ्या नसत्या तर हा फरक कुणाला दिसला असता?

खरी काळजी वेगळीच. परवा मोठ्या काकीच्या पडवीत गेले. रसाची पुटं दिलेली सालं चटईवर वाळत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात, एकादशीच्या चौकटीत, पेन्सिलीने बारीक लिहिलेलं: फळं, मीठ, टेम्पो आणि खाली "माजी मजुरी". धाकटीने रात्री बसून शिकवलं म्हणे. इतकी वर्षं त्या बाईने स्वतःचे हात कधी हिशेबात धरले नव्हते. मला रडू आलं. पण अशी घरं वाढली की दोन गटांतला फरक पुसट होणार.

आमच्या या कामाचे सर म्हणतात, ही घरं यादीतून काढ. मी नाही म्हटलं. जिची चिठी ज्या गटात निघाली, तिथेच ती मोजायची. अडचणीची माणसं वगळायची तर चिठ्ठ्या टाकल्या कशाला? फरक कमी दिसला तर दिसू दे. पुढच्या वेळी घराऐवजी अख्ख्या वाडीची चिठी टाकू, असं मांडणार आहे. आणि जावाजावांनी एकमेकींना शिकवणं हेसुद्धा मोजायलाच हवं. अहमदाबादेत सेवा बँकेच्या बायकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, त्यात ज्यांना मैत्रिणीला घेऊन यायला सांगितलं होतं, त्यांनी कर्ज काढून धंद्यात घातलं, घरचं उत्पन्न वाढलं. एकट्या बोलावलेल्यांत तसं दिसलं नाही. (आपण दोघी गेलो असतो तर तू दोन्ही दिवस वडेच मोजले असतेस!)

पण सरांचं म्हणणं कुणीतरी मोठ्या काकीच्या कानावर घातलंय. काल विचारत होती, "मी शिकलंय ता चुकलां काय गो?" मी नाही म्हटलं, पण मी आता तिच्यासाठी वही घेऊन येणारी बाई झालेय. तुझं ऐकेल. फोन कर आणि सांग की नाव कापलं जाणार नाही, पुढल्या हंगामात तिची पाळी पक्की आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंट्याचा ताप उतरला ना? सुट्टी मिळाली तर पाऊस लागायच्या आत ये. आणि फोन रात्री आठनंतर कर, त्याआधी काकी पडवीतून हलत नाही.

तुझी,
सुली