कबुतरजाळीला ‘मांजरसुरक्षित बाग’ म्हणून विकू नका

पुणे, दि. २१ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मांजरांसाठी बांधून दिलेल्या बंदिस्त बागेचे सदोष काम, काम नव्याने करून देण्याची अथवा पैसे परत करण्याची मागणी

संदर्भ : पाषाण येथील तळमजल्याच्या सदनिकेचे काम. कोटेशन, बिल, फोटो आणि डॉक्टरांच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.

महोदय / महोदया,

मे महिन्याच्या शेवटी आपल्या माणसांनी माझ्या बागेला घातलेले कुंपण मांजरांना बाहेर जाऊ देते आणि बाहेर गेलेल्या मांजराला घरात परत येऊ देत नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. आपल्या फॅब्रिकेटरने लोखंडी अँगल ज्या दिशेला वाकवले आहेत, त्याचा हा सरळ परिणाम आहे.

आधी काय ठरले होते ते सांगते. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिले आहे : चार फुटी भिंतीवर सात फूट उंचीपर्यंत एक इंची चौकोनाची, १६ गेजची (म्हणजे तारेची ठरलेली जाडी) वेल्डेड जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी, वरच्या टोकाला आतल्या बाजूला ४५ अंशांत झुकलेल्या लोखंडी अँगलवर बसवलेली दीड फुटाची जाळीची झालर, भिंत नाही त्या बाजूला जमिनीत फूटभर गाडलेली जाळी, दुहेरी फाटक, मांजर झाडावर चढू नये म्हणून पेरूच्या बुंध्याला पत्र्याचा पट्टा. ८०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळून ९४,४०० रुपये मी पूर्ण भरले. घासाघीस केली नाही, कारण काम नाजूक आहे याची मला कल्पना होती.

आता झालरीबद्दल. मांजराची नखे आकड्यासारखी वळलेली असतात, त्यामुळे उभ्या जाळीवर ते सरसर चढते. त्याला थांबवते ती डोक्यावर पुढे आलेली, त्याच्याच दिशेने झुकलेली जाळी. तिथे त्याला पाठ खाली करून लोंबकळत पुढे सरकावे लागते, अंगाचे वजन मागे ओढते आणि ते उतरून येते. म्हणून झालर आत झुकलेली असावी लागते. आपल्या माणसांनी सगळे अँगल रस्त्याच्या बाजूला झुकवले. कारखान्यांच्या भिंतींवर काटेरी तारेसाठी असेच अँगल लावतात, कारण तिथे चोराला बाहेर ठेवायचे असते. त्यांचा हात त्याच कामाला सरावलेला असणार, हे मी समजू शकते. पण साईटवर सुपरवायझर होते, हातात ड्रॉइंग होते, आणि मी स्वतः विचारले तेव्हा “मॅडम, हे असंच असतं” असे उत्तर मिळाले.

या ‘असंच असतं’चा परिणाम माझ्या भुऱ्याने भोगला. नसबंदी झालेला, वयाने पोक्त, एका डोळ्याने अधू बोका आहे तो. जूनमध्ये एका संध्याकाळी तो जाळीवर चढला आणि बाहेर झुकलेल्या झालरीवरून सहज पलीकडे उतरला. परत यायला निघाला तेव्हा तीच झालर त्याच्या डोक्यावर आली. पहाटे मला तो भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, झालरीच्या बरोबर खाली दबून बसलेला सापडला. चिखलाचे पंजे भिंतीवर ओळीने उमटले होते. प्रत्येक ओळ झालरीपाशी येऊन थांबत होती. मानेवर दुसऱ्या बोक्याचा चावा होता. दोन दिवसांत त्यात पू झाला, डॉक्टरांना जखम उघडून साफ करावी लागली आणि प्रतिजैविके सुरू करावी लागली. खोल चाव्यातून मांजरांमध्ये एफआयव्ही हा रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू पसरतो आणि तो तपासणीत लगेच दिसत नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये पुन्हा रक्त तपासायचे आहे आणि तोवर त्याला इतर मांजरांपासून वेगळ्या खोलीत ठेवले आहे. ज्याच्यासाठी बाग बंदिस्त केली, तोच आज खोलीत बंद आहे.

दुसरा मुद्दा जाळीचा. वेल्डेड जाळीऐवजी तीन बाजूंना आपण बाल्कनीला लावतात ती नायलॉनची कबुतरजाळी लावली, दोन इंची चौकोनाची, आणि तीही प्लॅस्टिकच्या झिप टायने बांधून. दोन इंच ही चौकोनाच्या एका बाजूची लांबी झाली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर पावणेतीन इंचांहून थोडे जास्त असते, आणि दोरा ताणून चौकोन तिरका झाला की ते आणखी वाढते. मांजराचे गळपट्टीचे हाड आपल्यासारखे खांद्याच्या सांध्याला जोडलेले नसते, त्यामुळे जिथून डोके जाते तिथून बहुधा अंगही जाते. जिथे जात नाही, तिथे जास्त वाईट होते. माझी चिंगी अजून पिल्लू आहे. तिचे डोके आणि एक पुढचा पाय चौकोनातून बाहेर गेला आणि छातीशी अडकला. ती जितकी धडपडली तितका दोरा काखेत रुतत गेला. मी घरात होते, तिचा आवाज ऐकला, कात्रीने जाळी कापली. केस गेलेला तो लालभडक वळ फोटोत दिसतो आहे. कृपया तो फोटो पाहिल्याशिवाय हे पत्र फाइलला लावू नका.

याच जाळीचा खालचा भाग मोकळा सोडून त्यावर विटा ठेवल्या होत्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या सैल घोळात एक धामण गुंतली. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी. टेकडीच्या पायथ्याला राहणाऱ्यांना तिची सवय असते. सर्पमित्रांनी येऊन एकेक धागा कापून तिला सोडवले. जाताना ते म्हणाले की बागेच्या कुंपणाला सैल नायलॉन जाळी लावूच नये, साप त्यात अडकून मरतात. मांजरे, साप, पक्षी या सगळ्यांना एकच वस्तू धोक्याची ठरते आहे, आणि ती कोटेशनमध्ये कुठेही नव्हती. शिवाय साधे नायलॉन उन्हाने कुजते आणि उंदीर-घुशी ते कुरतडतात. एका जागी ते झालेही आहे.

फाटक एकेरीच आहे. म्हणजे कचरा टाकायला किंवा दूध घ्यायला दार उघडले की बाग उघडी. पेरूला पट्टा नाही, आणि त्याची एक फांदी थेट झालरीच्या वर गेली आहे. कोपऱ्यांत दोन बाजूंच्या झालरी एकमेकींना शिवलेल्या नाहीत. तिथे माझी मूठ सहज जाते. दोन बाजूंचा आधार मिळत असल्याने मांजर आधी कोपराच चढून बघते, हे या धंद्यात असलेल्यांना मी सांगायला नको.

यानंतर घडले ते मला सर्वांत गंभीर वाटते. जूनअखेरीस पाहणीला आलेल्या आपल्या तंत्रज्ञाने उपाय सुचवला : “कडेने फिनाइल मारा, मांजर जवळ जाणार नाही.” काळ्या फिनाइलमध्ये फिनॉल वर्गातील रसायने असतात, आणि मांजराचे यकृत ती नीट निकामी करू शकत नाही. ते पंजावर लागते, मांजर पंजा चाटते आणि विष पोटात जाते. मी तो सल्ला अर्थातच मानला नाही. पण आपला माणूस हाच सल्ला आणखी किती घरांत देत असेल, या विचाराने मला धास्ती वाटते. त्याला आजच थांबवा.

आपल्या कार्यालयातून फोनवर मला सांगण्यात आले की “मांजरच ते, जाणारच, शंभर टक्के कोणी थांबवू शकत नाही.” आपल्या माहितीपत्रकात मात्र ‘एकही मांजर बाहेर जाणार नाही’ असे ठळक अक्षरांत छापले आहे आणि शेजारी ऑस्ट्रेलियातल्या बागांचे फोटो आहेत. तिथल्या कॅनबेरात १ जुलै २०२२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मांजराला मालकाच्या आवारातच ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे माणसे साध्या कुंपणावर आत झुकलेली जाळी किंवा पंजा ठेवताच फिरणारे रूळ बसवतात. फोटो आपण तिथले घेतले, पण त्यातली झालर कुठे झुकली आहे ते पाहिले नाही.

मी हे सगळे का करून घेतले तेही लिहिते. आमच्या गल्लीत गाड्या जोरात जातात, रात्री भटक्या कुत्र्यांची टोळी असते, टेकडीवरून घोणस खाली येते. याआधीचे माझे मांजर गाडीखाली गेले. बुलबुल आणि सातभाई समोरच्या झुडपांत घरटी करतात, आणि माझ्या मांजरांनी त्यांची पिल्ले खाल्लेली मला चालत नाहीत. मांजरांना ऊन, माती आणि गवत मिळावे आणि कोणाचाच जीव जाऊ नये, एवढ्यासाठी मी बचतीतून हे काम केले.

माझ्या मागण्या अशा आहेत. नायलॉन जाळी पूर्ण काढून कोटेशनप्रमाणे वेल्डेड जाळी लावावी. सर्व अँगल कापून आतल्या बाजूला नव्याने बसवावेत आणि कोपरे तारेने शिवावेत. गाडलेली जाळी, दुसरे फाटक आणि पेरूचा पट्टा ही राहिलेली कामे पूर्ण करावीत. हे १५ ऑगस्टपर्यंत होणार नसेल तर ९४,४०० रुपये परत करावेत. दोन्ही मांजरांच्या उपचारांचा खर्च पावत्यांप्रमाणे वेगळा द्यावा. आणि ज्या घरांत याच पद्धतीने काम झाले आहे, त्या प्रत्येकाला लेखी कळवून आपल्या खर्चाने दुरुस्ती करून द्यावी. ही शेवटची मागणी मी पैशांवर सोडणार नाही.

या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत अपेक्षित आहे. ते न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मी पाहून ठेवले आहे.

कारागीर पाठवण्यापूर्वी आदल्या दिवशी फोन करावा. काम चालू असताना मांजरे घरात घेऊन दारे लावावी लागतात, आणि जाळी उतरवल्यावर ती त्याच दिवशी पुन्हा बंद झाली पाहिजे. सुपरवायझरने ड्रॉइंग सोबत आणावे. पहिला अँगल वेल्ड करण्याआधी मी ते त्यांच्याबरोबर बसून पाहणार आहे.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व दूरध्वनी सोबतच्या बिलावर आहे)