संत्र्याचा केक परत जमलाय, कधी येतेस?

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस बाबा काय चाललंय आणि मी म्हटलं काही नाही गं, नेहमीचंच. ते खरं नव्हतं. ओव्हनमध्ये केक होता आणि मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो, तुला सांगितलं असतं तर तू लगेच फोटो मागितला असतास आणि केक मधेच बसला असता तर परत तेच वाईट वाटलं असतं, म्हणून म्हटलं आधी होऊ दे मग सांगू. तर झालाय. चौथ्या वेळेला झालाय. अंडं नाही, लोणी नाही, दूध नाही, आणि चव आपल्या रविवारच्या केकची. आईने एक घास खाल्ला, थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली हा तोच आहे. आई मन राखायला बोलत नाही हे तुला माहितीये.

फोनवर मला हे सगळं सांगता येत नाही, दोन वाक्यं झाली की मी हवामानावर येतो, म्हणून टाइप करतोय. लांबेल बहुतेक. सावकाश वाच.

आधी ते दोन वर्षांपूर्वीचं. तू सुट्टीत आलीस, मी नेहमीसारखा केक करून ठेवला होता, तू बॅग ठेवलीस, केक बघितलास आणि अगदी हळू आवाजात म्हणालीस बाबा मी आता हे खात नाही. मी तीन वेळा म्हटलं एका तुकड्याने काय होतं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तुझा चेहरा कसा झाला ते मला आजही दिसतं. तू सगळं नीट समजावून सांगत होतीस आणि मी ऐकतच नव्हतो, माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की हिने दूध अंडी नाही सोडली, हिने आपलं घर सोडलं. रात्री आईला हेच म्हणालो पण. आई म्हणाली तुम्ही केकचं आणि मुलीचं एक करू नका. तेव्हा मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी तू फिरायला एकटीच गेलीस, मला हाक मारली नाहीस, तेव्हा कळलं मी काय करून बसलोय. चुकलं माझं चिऊ. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

तू पाठवलेल्या लिंक मी वर्षभर उघडल्या नव्हत्या. नंतर एकेक उघडली. मला आपलं वाटायचं हे व्हीगन वगैरे, म्हणजे जनावरांपासून आलेलं काहीच घ्यायचं नाही ते, सगळं मोबाइल आल्यानंतरचं आहे. तर डोनाल्ड वॉटसन नावाच्या माणसाने आणि त्याच्या बरोबरच्यांनी हा शब्द १९४४ साली केला, इंग्लंडमध्ये, व्हेजिटेरियन या इंग्रजी शब्दाची सुरुवातीची तीन अक्षरं आणि शेवटची दोन घेऊन. १९४४ म्हणजे महायुद्ध चालू, तिथे खाण्यापिण्याला रेशन, आणि त्या दिवसात ही मोजकी माणसं ठरवतात की आपण दूध आणि अंडीही घ्यायची नाहीत. मला हे वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. चैनीत असताना सोडणं वेगळं गं, पण टंचाईत सोडायचं म्हणजे आतून काहीतरी पक्कं वाटत असणार. तुझ्या डोळ्यात त्या दिवशी तेच होतं आणि मी त्याला फॅड म्हणालो.

आता केकचं ऐक. पहिल्यांदा जवस वापरला, एक चमचा पूड आणि तीन चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवलं की अंड्यासारखं चिकट होतं. बिस्किटांना हे छान चालतं, आईने केली पण, पण केक जड झाला आणि जवसाचा वास मागे राहिला. दुसऱ्यांदा ते काबुली चण्याचं पाणी, चणे शिजवल्यावर उरतं ते. मी इतकी वर्षं ते ओतून देत होतो! जोएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच माणसाने २०१४ मध्ये शोधून काढलं की हे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्टने त्याला अॅक्वाफाबा नाव दिलं, लॅटिनमध्ये अॅक्वा म्हणजे पाणी आणि फाबा म्हणजे शेंगेतला दाणा. चण्यातली प्रथिनं आणि सॅपोनिन नावाचे फेस आणणारे पदार्थ पाण्यात उतरतात आणि ती हवा धरून ठेवतात. मी वीस मिनिटं फेटलं, काही होईना. मग कळलं भांड्याला तेलाचा अंश राहिला होता, तेल लागलं की फेस धरतच नाही. भांडं लिंबाने पुसून परत फेटलं आणि आठेक मिनिटात असा पांढराशुभ्र ढग, भांडं उलटं केलं तरी हलेना. मी आईला स्वयंपाकघरात बोलावून दाखवलं. त्या फेसाचा केक मात्र फुगला आणि ओव्हनबाहेर काढल्यावर खाली बसला. तिसऱ्यांदा पण तसंच.

मग एका रात्री झोप येईना तेव्हा डोक्यात आलं की आपला केक संत्र्याचा आहे. संत्र्याच्या रसात आम्ल आहे, आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, केक फुगवायला तेवढं पुरेसं आहे, अंड्याची गरजच नाही! इतके दिवस मी अंड्याच्या जागी काय घालायचं हेच शोधत बसलो होतो. दीड कप मैदा, एक कप साखर, एक छोटा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, एक कप संत्र्याचा रस, पाव कपाहून थोडं जास्त तेल आणि सालीचा कीस, पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, तो कडू लागतो. सुकं सुक्यात, ओलं ओल्यात, मग एकत्र, आणि जास्त ढवळायचं नाही नाहीतर केक चिवट होतो. मिश्रण झालं की लगेच ओव्हनमध्ये, सोडा वाट बघत नाही. १८० डिग्रीला पस्तीस मिनिटं. बास. तो चण्याचा ढग मी आता साखर घालून वरून लावतो, तिथे तो छान शोभतो.

आणि पंचविसाव्या मिनिटाला वास आला. तू स्टुलावर चढून ओव्हनच्या काचेला नाक लावून उभी आहेस असं मला अगदी समोर दिसलं, पिवळा फ्रॉक, एक मोजा खाली घसरलेला. असं का होतं ते पण वाचलं मी. बघितलेल्या ऐकलेल्या गोष्टी मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या भागातून जातात, वास मात्र जवळजवळ सरळच आठवणींच्या आणि भावनांच्या भागाशी पोचतो. म्हणून तो असा विचारल्याशिवाय घरात शिरतो. नॉस्टॅल्जिया हा शब्द मुळात आजाराचं नाव होतं हे माहितीये का तुला? १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बासेलला आपल्या प्रबंधात तो केला, ग्रीकमधले दोन शब्द जोडून, घरी परतणं आणि वेदना. घर सोडून परमुलखात राहणाऱ्या माणसांना हा आजार होतो आणि घरी पाठवलं की बरा होतो असं त्याचं म्हणणं. त्याने घर सोडून गेलेल्यांचाच विचार केला, मागे घरात राहिलेल्यांना पण हे होतं. स्टूल आहे तिथेच आहे, मी हलवलं नाही.

सुट्टीतल्या वस्तूंचा खोका माळ्यावरून काढलाय. बुटांचा तो मोठा खोका, तू वरती लाल स्केचपेनने उघडू नये लिहिलं होतंस. आत सगळं तसंच आहे. मिठाच्या कणकेची चांदणी सापडली, दोन वाट्या मैदा एक वाटी मीठ एक वाटी पाणी, तुला तेव्हा हे गाण्यासारखं पाठ होतं. मीठ हवेतली ओल ओढतं म्हणून एक टोक भुगा झालंय, पण मधे तुझ्या अंगठ्याचा ठसा आहे, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मी रंगवणार होतो, आई म्हणाली हात लावायचा नाही. तिचं बरोबर आहे. पुस्तकात दाबून ठेवलेली पानं पण आहेत, पिवळी अजून पिवळीच आहेत. हिरवी सगळी तपकिरी झाली, हिरवा रंग टिकत नाही, पानं झाडावर पिवळी होतात ती पण खालचा पिवळा आधीपासून असतोच, वरचा हिरवा निघून जातो म्हणून दिसतो. या वेळी माळ करायची तर पिवळीच गोळा करू.

आणि कागदाची हिमफुलं! मी तुला कागद तीनदा अर्धा दुमडायला शिकवलं होतं, त्याची आठ टोकं येतात. आपण घरभर आठ टोकांची लावली, आणि तिसरीत असताना तू शाळेतून आलीस ती दप्तर न काढताच म्हणालीस बाबा आपली सगळी चुकली, बर्फाला सहाच टोकं असतात. मग आपण दोघांनी बसून सगळी काढली आणि नवीन केली, रात्री अकरापर्यंत. मला नंतर वाचून कळलं की केप्लरने, हो तोच ग्रहांचा, १६११ मध्ये या सहा टोकांवर एक छोटं पुस्तक लिहून आपल्या आश्रयदात्याला नव्या वर्षाची भेट म्हणून दिलं होतं. प्रश्न विचारला, पण खरं उत्तर त्याला मिळणं शक्यच नव्हतं, पाण्याचे रेणू गोठताना षटकोनात जोडले जातात हे कळायला पुढे तीनशे वर्षं गेली. चिकटवायला आपण पिठाची खळ करायचो, ती तर तुझ्या नियमात बसतेच. पूर्वीचा सरस जनावरांच्या हाडांचा कातड्याचा असायचा. रंगाचे ब्रश मी बघितले, त्यातले दोन जनावरांच्या केसांचे निघाले, ते बाजूला ठेवलेत आणि नायलॉनचे आणलेत. तू सांगण्याआधीच आणले, हे मुद्दाम लिहितोय.

रविवारची बस आठवते? समोर येईल त्या बसमध्ये चढायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं आणि तिथून पायी जे दिसेल ते बघायचं. कुठे लांब गेलो नाही आपण कधी, अर्ध्या तासाच्या अंतरात किती जागा सापडल्या पण, ती पडकी विहीर, रेल्वेच्या पुलाखालचं चाफ्याचं झाड, आणि ते तळं. तळ्यावर आपण बदकांना पाव टाकायचो. तू आठ नऊ वर्षांची असशील, तिथे पाटी लावली होती पाव टाकू नका, त्याने बदकांचं पोट भरतं पण पोषण होत नाही आणि उरलेला कुजून पाणी खराब होतं. मी म्हटलं एका तुकड्याने काय होतं. तू पाव परत पिशवीत ठेवलास आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. हे मला केक करताना आठवलं, संत्र किसत होतो आणि हात थांबला. तेच वाक्य गं, शब्दन्‌शब्द तेच. तू कुठूनही बदलून आली नव्हतीस, तू आठव्या वर्षी पण हीच होतीस, आणि मी तुला त्या पाटीपाशी नेलं होतं.

बाकी किरकोळ. ओट्सचं दूध घरी जमतं, थंड पाणी घ्यायचं, अर्ध्या मिनिटाच्या वर फिरवायचं नाही आणि फडकं पिळायचं नाही, नाहीतर बुळबुळीत होतं. उकळलं तर खळीसारखं घट्ट होतं म्हणून चहात शेवटी घालतो. सोयाचं कॉफीत फाटलं. आणि बी-१२ ची गोळी घेतेस ना? ते व्हिटॅमिन फक्त जीवाणूच तयार करतात, भाज्यांमधून भरवशाने मिळत नाही, आणि लिव्हरमध्ये साठा असतो म्हणून कमी पडलंय हे कळायला वर्षं लागतात. तू डॉक्टरांशी बोलली असशीलच, तरी एकदा तपासून घे, आणि मला रिपोर्ट पाठव. हे मी टोचायला म्हणत नाहीये, बापाला झोप लागावी म्हणून म्हणतोय.

सुट्टी कधी लागते ते कळव. बसचा वेळ तसाच आहे, तळ्यावर बाक नवीन टाकलेत. केकचा एक तुकडा फ्रीझरमध्ये ठेवलाय पण तो तसाच राहू दे, तू आल्यावर ताजा करू, रस तू काढ. हिमफुलं चौदा करून झालीत. पंधराव्याचा कागद दुमडून ठेवलाय, कापलेला नाही.

बाबा