अवघड जागेचं दुखणं काउंटरवर का विचारता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत बायकांना 'लाज सोडा आणि डॉक्टरांना दाखवा' असा सल्ला दिला आहे. मी लाज सोडूनच गेले होते. पुढे काय झालं ते छापा.

मी ५३ वर्षांची. मागच्या पावसाळ्यात योनीच्या तोंडाशी डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. सिंहगड रस्त्यावरच्या एका रुग्णालयात गेले. केसपेपर भरणाऱ्या मुलीने विचारलं, "काय होतंय?" म्हटलं, डॉक्टरबाईंनाच सांगते. "नाही, इथे लिहावं लागतं." मागे रांगेत आमच्याच सोसायटीतले काका, हातात एक्स-रेची पिशवी. मी 'पोट दुखतं' म्हणून सांगितलं. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन घरी आले आणि तीन महिने कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

गाठ लिंबाएवढी झाली, बसवेना, ताप भरला, तेव्हा जाऊबाई मला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी आधी दार लावलं, पडदा ओढला, मग विचारलं. बार्थोलिन ग्रंथीची (योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना असणाऱ्या, ओलावा देणाऱ्या छोट्या ग्रंथींपैकी एकीची) नळी बंद होऊन गाठ झाली होती आणि आत पू धरला होता. छेद देऊन तो काढला. तरुण मुलीची अशी गाठ लहान असेल, दुखत नसेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. पण चाळिशीनंतर नव्याने आली तर कॅन्सर नाही ना, हे बघावंच लागतं, असं म्हणून त्यांनी तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस मला झोप नव्हती. रिपोर्ट चांगला आला. चाळिशीची ही गोष्ट तुमच्या लेखात एका ओळीनेही नाही!

आणि लेखभर नुसतं 'नाजूक भाग, नाजूक भाग'. योनी हा शब्द छापायला वर्तमानपत्र कचरतं, तर बाईने तो रांगेत उभं राहून कसा उच्चारायचा? 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' या म्हणीवर मीही हळदीकुंकवात हसले आहे. आता ती ऐकवत नाही.

रुग्णालयांना एवढंच सांगणं आहे, केसपेपरवर 'स्त्रीरोग' लिहा आणि आत पाठवा. बाकीचं आम्ही आत सांगू.

एक वाचक, धायरी, पुणे
(कृपया नाव छापू नये.)