रविवारी कॅमेरा शिकायला या

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी साडेसातला पर्वतीच्या पायथ्याशी जमायचं आहे. कपाटात पडून असलेला छोटा डिजिटल कॅमेरा आणा. मोबाइल या वेळी खिशातच राहू द्या.

येण्यापूर्वी:
• बॅटरी आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा.
• कार्डावरचे जुने फोटो संगणकावर उतरवून घ्या. आपण कार्ड फॉरमॅट करणार आहोत, त्यात सगळं पुसलं जातं. हे कृपया विसरू नका.
• मनगटाचा पट्टा लावलेला हवाच.

सर्वांत जास्त वेळ शटरच्या बटणाला देऊ. ते अर्धं दाबून धरलं की कॅमेरा फोकस करतो आणि पडद्यावर हिरवी चौकट दिसते. मग बोट न उचलता पूर्ण दाबायचं. घाईने खटकन दाबल्यामुळेच पुष्कळ फोटो हलतात. पुढे फुलाच्या खुणेचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची सोय), फ्लॅश बंद करणं आणि झूम. ऑप्टिकल, म्हणजे भिंगाने होणारा झूम संपल्यावर लागणारा डिजिटल झूम चित्र नुसतं ताणतो, तो सेटिंगमधून बंदच करून टाकू.

देवळाच्या गाभाऱ्यात कोणीही फोटो काढू नये.

येणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या मॉडेलसह शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, म्हणजे सारखे कॅमेरे असणाऱ्यांच्या जोड्या लावता येतील.