मला कळत नाही, म्हणून मलाच बोलून दाखव

शहापूर, बेळगाव
बुधवार, दुपार

चि. तायडीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलीस आणि मी "होईल गं सगळं नीट" म्हणून फोन ठेवला. मग रात्री झोप येईना. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर मी त्याला बसवते, पाणी देते, साडी उलगडून डाग बघते. पोरीला मात्र एका वाक्यात वाटेला लावलं. म्हणून हे पत्र. आज दुकानात कोणी नाही, वीज पण गेली आहे.

आधी हिशेब करू. तुझ्या फ्रेंचच्या सराव परीक्षेचे गुण मी बिलबुकाच्या मागं लिहून ठेवलेत: वाचन 22, ऐकणं 14, लेखन 19, तोंडी 8. बेरीज 63. बी-वन या पातळीला शंभरात 50 लागतात आणि प्रत्येक भागात पंचविसापैकी किमान 5, हे तूच सांगितलंस. मग नापास कुठं झालीस? पण आठ गुणांवरून तू रडली नव्हतीस, ते मला कळतं. तोंडीला समोर दोघं परीक्षक बसले, घसा कोरडा पडला आणि पाठ असलेलं सगळं पळून गेलं, ते तुला लागलंय.

तुझी पहिल्या वर्षाची वही इथंच राहिली आहे, फ्रेंचखाली देवनागरीत उच्चार लिहिलेली. दुपारी गर्दी नसली की मी ती वाचत बसते. तुझ्या पप्पांना वाटतं मी उधारीची वही बघते. त्यात एका पानावर लाल शाईनं 'मी गेले' या वाक्याला गोल केलाय. 'ज स्वी आले' लिहिताना शेवटचा स्त्रीलिंगी 'ई' (e हे अक्षर) तू घातलाच नाहीस. मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. होस्टेलवर पहिल्या आठवड्यात तू "मी आलो गं, थांबा" म्हणालीस आणि मुलींनी "तू मुलगा आहेस का?" म्हणून दिवसभर चिडवलं, ते तू मला दिवाळीत सांगितलंस. आजऱ्याला काय, निपाणीला काय, इथं काय, आपल्याकडच्या बायका "मी जातो", "मी आलो" असंच बोलतात. मीसुद्धा पत्रात 'वाचते' लिहिते आणि तोंडानं 'वाचतो' म्हणते. त्या दिवसापासून तू प्रत्येक वाक्य तोंडातून काढायच्या आधी तराजूत घालायला लागलीस. पुण्यात मराठीच तोलून बोलायला लागल्यावर फ्रेंच कुठून सुटणार? माझं मत विचारशील तर ही भीती फ्रेंचच्या वर्गात जन्मली नाही, ती होस्टेलच्या मेसमधून आली आहे.

आणि गंमत बघ, तुझ्याच वहीत लिहिलंय की त्या 'आले'ला शेवटचा 'ई' लावला काय, न लावला काय, ऐकायला एकच. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'ते बोलतात', लिहायला तीन प्रकार, उच्चार तिन्हींचा 'पार्ल'. म्हणजे ज्या चुकांना तू घाबरतेस त्यातल्या कितीतरी तोंडी परीक्षेत कुणाला ऐकूच जाणार नाहीत! लेखीत तुला 19 आहेत. जिथं चूक डोळ्याला दिसते तिथं तू धीट आणि जिथं लपते तिथं भित्री, हे उलटंच झालं की.

आता माझं ऐक. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण आजोबा असेपर्यंत ती गोष्ट तेच सांगायचे आणि मला राग यायचा. 1996 साली लग्न होऊन आले तेव्हा मला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. सासऱ्यांनी चार महिन्यांत गल्ल्यावर बसवलं. एके दिवशी बैलहोंगलकडची एक बाई लेकीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला आली. म्हणाली, "हत्ती सीरी तोर्स्री." सीरी म्हणजे साडी, तोर्स्री म्हणजे दाखवा, एवढं आलं होतं. हत्ती तर आपलाच शब्द! मी खूश होऊन वरच्या फळीवरून इरकली काढल्या, पदरावर कशिद्यातले हत्ती, अंबारीसकट. एक दाखवली, दुसरी दाखवली, तिसरी उलगडली. बाई माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग तिनं स्वतःच्या अंगावरच्या सुती साडीचा पदर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आनी ब्याडरी, हत्ती!" कन्नडात हत्ती म्हणजे कापूस. आपला हत्ती त्यांच्याकडं 'आनी', आणि ब्याडरी म्हणजे नको.

गादीवर आजोबा हसून हसून लाल. मी कान तापलेली, आत जाऊन पाणी पिऊन आले. बाहेर आले तर बाई तिथंच होती. तिला सुती साड्या हव्या होत्या, माझं कन्नड तपासायला ती आलीच नव्हती. चार साड्या घेऊन गेली आणि पुढं कित्येक वर्षं यायची. दारातूनच मला बघून हसायची, मीही हसायची. तो शब्द जन्मात विसरले नाही. तुझ्या वहीत 'फोझामी' म्हणून पान आहे, खोटे दोस्त. 'लिब्रेरी' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचं दुकान. वाचून वाटलं, माझा हत्ती पण याच पानावर बसेल.

आजोबांचं एक सांगते, विषय निघालाच आहे तर. 1956 ला आपण या राज्यात आलो, त्याचा राग त्यांनी शेवटपर्यंत धरला. कचेरीत कन्नड अर्ज पुढं केला की मराठीतच बोलायचे, शेजारच्याकडून भरून घ्यायचे. पण ताकवालीशी घासाघीस अस्खलित कन्नडात! मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ते भांडण सरकाराशी, ताक वेगळं." तुलाही पप्पांनी स्टँडवर लाल बसच्या पाट्या वाचायला लावूनच कन्नड अक्षरं शिकवली. खानापूर, गोकाक, चिकोडी. तू गोकाकच्या बसला खानापूरची म्हणालीस तर कंडक्टर हसला होता आणि तू पण हसली होतीस. तेव्हा सात वर्षांची होतीस.

ऐकण्याच्या पेपरात आकडे आले की गोंधळ होतो म्हणालीस. सत्त्याण्णवला ते 'कात्र-वॅं-दी-सेत' म्हणतात, म्हणजे चार विसा नि सतरा. अगं, तुझी पणजी शेणी अशाच मोजायची! "तीन विसा नि बारा झाल्या बघ." शंभरापर्यंत तिला येतच नव्हतं, विसाच्या ढिगानं सगळा व्यवहार. तू आकडा ऐकलास की मनात पणजीला बसव, ढीग मोजायला. बेल्जियममध्ये म्हणे नव्वदला सरळ 'नोनांत' म्हणतात. तिथंही आपल्यासारखीच सीमेपलीकडची माणसं आहेत म्हणायची. आणि नाकातून काढायचे ते 'बों' नि 'पँ', ते तुला चंदगडच्या मावशीमुळे आधीच येतात. तिच्या बोलण्यात निम्मे शब्द नाकातूनच असतात. 'तू' आणि 'वू' हे तर आपलं तू नि तुम्ही, इथल्या कन्नडातलं नी नि नीव.

तोंडीबद्दल मात्र एक पक्कं कर. मला गल्ल्यावर सासूबाईंनी तीनच वाक्यं घोकून घेतली होती: बर्री, कुंद्री, येन बेकु? या, बसा, काय हवं. झोपेतून उठवलं तरी बाहेर पडतील इतकी. तेवढं बोललं की पुढं गिऱ्हाईकच बोलतं आणि घसा मोकळा होतो. तुझ्या परीक्षेत पहिली दोन-तीन मिनिटं स्वतःबद्दलच बोलायचं असतं ना, तयारीला वेळ न देता? मग ती मिनिटं घरूनच घेऊन जा. नाव, गाव, आईचं साडीचं दुकान, शहापूर. शिवाय "जरा सावकाश सांगा" आणि "परत सांगता का" ही दोन वाक्यं जिभेवर ठेव. मी बैलहोंगलच्या बाईला तेवढं विचारलं असतं तर तीन इरकली परत घडी घालाव्या लागल्या नसत्या. आणि शब्द अडला की गप्प बसू नकोस, 'आलोर' म्हण. आपण 'म्हणजे' म्हणून वेळ काढतो तसं.

सरावाला माणूस मिळत नाही, मैत्रिणींसमोर लाज वाटते म्हणतेस. मी आहे की. रोज रात्री साडेनऊला, दुकान बंद करून घरी आल्यावर, फोन कर आणि दहा मिनिटं फ्रेंचमध्ये बोल. दिवसभर काय केलंस, मेसमध्ये काय होतं, काहीही. मला एक शब्द कळणार नाही, त्यामुळे चूकही कळणार नाही. मध्ये मध्ये मी 'वी, वी' म्हणेन. शेवटी पाच आकडे सांग, साड्यांचे भाव समजून. ते मात्र मी लिहून घेईन आणि मराठीत परत विचारेन. चुकले तर तुझं चुकलं की माझं, ते आपण भांडून ठरवू.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं शेजारच्या काकू येताहेत, त्यांच्याबरोबर कुंदा पाठवतेय. दोन डबे आहेत, एक मेसमधल्या त्या पोरींना दे. स्टीलचा डबा येताना परत आण, मागचे दोन अजून आलेले नाहीत.

तुझी,
आई